बक्षीस कोण देतं?

३ नोव्हें., सोम.
आज आर्वी बसस्टँडवर माझ्या नागरिकत्वाचा घोर अपमान झाला. पेपरवाल्या वामनभाऊला वीसची नोट दिली, दहा परत यायचे. सुट्टे नाहीत म्हणून हाती राज्य लॉटरीचं तिकीट! पूर्वी चॉकलेट द्यायचे, ते निदान चघळता यायचं.
"ठेवा ना सर, नशिबाले काऊन लाथाडता?"

४, मंगळ.
सौ.ला खिशात तिकीट सापडलं. लेखा विभागातला माणूस नि लॉटरी! मग हिशेब सांगणं आलंच. छपाई, जाहिराती, कमिशन, कारकुनांचे पगार, बक्षिसं, सगळं तिकिटांच्याच पैशातून. उरेल ते तिजोरीत.
"अन् सरकार काय टाकते?"
"शिक्का."
"मंग बक्षीस कोन देते?"
"ज्यायले लागत नाई ते."
ज्याचा खिसा कापायचा, जाहिरातही त्याच्याच पैशाने. पाकीटमार निदान ब्लेड तरी घरून आणतो.

९, रवि.
शंभर लागले. आनंद झाला, याचीच जास्त लाज वाटली.
वामनभाऊने स्वतःच्या गल्ल्यातून दिले. लहान बक्षीस विकणाऱ्याने आधी भागवायचं, तिकीट नागपूरच्या ठोक एजंटाकडे पाठवायचं, पैसे मागाहून. एवढं मोठं शासन, नि उधारी कोणाची, तर वामनभाऊची!
"मांगं नाव लिवा, सर."
नावाखाली लिहिलं : 'खरा लाभार्थी – शासन.' दिवसभर स्वतःवर खूश.

२१, शुक्र.
तिकीट परत आलं. शेरा : मागे आक्षेपार्ह मजकूर. एजंटाने त्यासोबत वामनभाऊची बाकीची बक्षीस-तिकिटंही अडकवून ठेवलीत. ते पैसे सुटल्याशिवाय पुढच्या सोडतीची तिकिटं उचलायची कशाने? रोख लागते. नाही उचलली तर लॉटरीचं टेबल दुसऱ्याला.
"काय लिवलं होतं, सर?"
"विनोद."
"मले सांगतला असता तं मीबी हासलो असतो ना."
हसला नाही.

२२, शनि.
सकाळी एजंटाच्या नावे अर्ज लिहिला. मजकूर माझा, विक्रेत्याचा दोष नाही, बाकीची तिकिटं कृपया मंजूर व्हावीत. एक टोमणा नाही. तीनदा वाचला, असलं सपक मी आयुष्यात लिहिलं नसेल.
स्टँडवर गेलो तेव्हा वामनभाऊ फोनवर. "हो भाऊ... नाई भाऊ, सर चांगले हायेत, लिवता लिवता गेलं... सायबाले इचारून सांगजा ना भाऊ..." टेबलावर फक्त पेपर. तिकिटांची दोरी रिकामी.
अर्ज पेपरच्या गठ्ठ्याखाली सरकवला. आत शंभरची नोट. त्याची पाठ होती तोवर निघालो. फोनवर पलीकडचा काय म्हणाला, ते काही ऐकायला थांबलो नाही.