गाडी पहिल्या गिअरमध्ये

टार्निट, मेलबर्न, शनिवार, ऑगस्ट २०२०

आज महेशच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला. तो कोविडने गेल्यापासून पहिल्यांदाच. "त्याची गाडी जरा चालू करशील? बॅटरी उतरेल. मला फक्त ऑटोमॅटिक येते रे."

ऑटोमॅटिक! याच शब्दावरून महेश आणि मी इथल्या युनिव्हर्सिटीत असल्यापासून भांडलो. दोघांच्या गाड्या सारख्याच, व्ही-एट इंजिनाच्या. माझी ऑटो, त्याची मॅन्युअल. रेस ट्रॅकवर गाड्या पळवायला जायचो, तिथे दर वेळी मीच पुढे. "मेट, मशीन तुझ्या हातापेक्षा लवकर गिअर बदलतं, मान्य कर." तो म्हणायचा, "मान्य. पण तुझा डावा पाय काय करतो? झोपतो?" डोक्यात जायचा माझ्या.

चावी लेटरबॉक्समध्ये होती. वैशाली मास्क लावून खिडकीतून बघत होती. गॅरेजचं शटर वर केलं, आत बसलो, गिअरची मूठ हलवून पाहिली. गाडी पहिल्या गिअरमध्ये. पुण्यातल्या सोसायटीच्या उतारावर लागलेली त्याची सवय. इथे सपाट गॅरेजमध्येही गिअर टाकूनच उतरायचा. किती हसलो होतो मी त्याला.

माझी गाडी असती तर P वर, पार्कवर असती. कुणीही ठेवली असती तरी P वरच. ही शेवटची लावताना त्याने पहिल्यात ठेवली होती. आता न्यूट्रल करायची? मी?

क्लच दाबूनच चालू केली आणि दाबूनच बसून राहिलो. डावा पाय लटलट कापायला लागला. कापू दे म्हटलं.

बंद केली तेव्हाही ती पहिल्यातच होती.