टाकीला दिलेली ओ

४ नोव्हेंबर
आले एकदाची! क्वार्टर छोटंसं, पण खिडकीतून थेट गोदी दिसते. पाणी उपसलेल्या गोदीत माझी युद्धनौका ठोकळ्यांवर विसावली आहे, न्हाऊ घातलेल्या बाळासारखी उघडीवाघडी. तिचा सांगाडा समुद्रात जायला धड आहे की नाही, हे मी ठरवायचं. निवृत्तीला टेकलेल्या बाईला इतकं लाडकं काम कोण देतं? लेक फोनवर म्हणाली, आई, तुला जावयापेक्षा जहाजाचं कौतुक जास्त. खोटं कशाला बोलू?

७ नोव्हेंबर
इथली एक रीत फार आवडली. जहाजाच्या तळाच्या टाक्या म्हणजे पोलादी खोल्याच. माणसं आत उतरून रंग लावतात. झाकण बसवण्याआधी फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पत्र्यावर हातोडी ठोकतात आणि सगळे गप्प उभे राहतात. आतून ठोका आला तर कुणीतरी राहिलंय. नाही आला तर बोल्ट आवळायचे. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दिवे मालवण्याआधी सिस्टर अशाच थबकून कान द्यायच्या. उगाच डोळे भरून आले.

१२ नोव्हेंबर
आज फजिती झाली. मी शेजारच्या कप्प्यात पत्र्याची जाडी मोजत होते. मामांनी टाकीवर ठोकलं. कुणी ठोठावलं की ओ द्यायची, हे सिस्टरनी हाडीमाशी भिनवलेलं. मीही पेनाने टकटक केलं. बाहेर एकच धावपळ. चूक कळल्यावर सगळे हसले. मामा हसले नाहीत. म्हणाले, बाई, ओ गेली ना, आता झाकण बसवण्याआधी नाव घेऊन तुम्हाला बाहेर बोलवायला हवं. नाहीतर टाकीच्या लेखी तुम्ही आतच. गोदीचे साहेब म्हणाले, सीनियर इंजिनिअर असून हे काय ऐकत बसता, गोदीत पाणी सोडायचा दिवस ठरलाय. मला लाज वाटली. टाकी रिकामी असल्याची सही मीच केली. बोल्ट आवळले गेले.

१४ नोव्हेंबर
त्या टाकीचा पत्रा पुन्हा तपासला. पाण्याच्या दाबाने पत्रा आत जातो, जन्मभर तेच पाहिलं. हा बाहेर आलाय. टेंगळंच टेंगळं, आतून मारल्यासारखी. एकावर मूठ ठेवली. बरोब्बर बसली.
टाकी उघडा म्हटलं. साहेब म्हणाले, बाईंनी आता विश्रांती घ्यावी.

१५ नोव्हेंबर
गोदीत पाणी सोडलं. मामा माझ्याकडे न बघताच गेले.
क्वार्टरमध्ये ताज्या रंगाचा वास. खिडकीबाहेर हिरवट अंधार, भरदुपारी.

१६ नोव्हेंबर
कँटीनमध्ये चहा मागितला. पुन्हा मागितला. वाढप्याने माझ्या आरपार हात घालून मागच्याला कप दिला.
फोनवर लेक नुसतं हॅलो, हॅलो. मी तर बोलत होते —

१८ नोव्हेंबर
दार उघडत नाही. भिंत बोटाने वाजवली. विटांची भिंत अशी वाजत नाही —
हवा जड झालीय. टाकीत असते तशी.

१९ नोव्हेंबर
लेक आलीय. दार ठोठावतेय. मी आतच आहे गं, राणी. ठोकून ठोकून मुठी सोलल्या.
मामाही आहेत. सगळ्यांना गप्प करताहेत. कान देताहेत —
ठोकलं. परत ठोकलं.
मामा तिला हळूच म्हणताहेत, नाही पोरी, आतून ओ नाही.
रडतेय ती. लांब जातेय तिचं रडणं.
बाहेर पाना फिरतोय. एक बोल्ट — दुस