डब्ब्यात काय?

९ सप्टेंबर, मंगळवार
अंगणवाडीतली रागिणीबाई आज माह्या झेंडूच्या वावरात आली अन् बांधावरच रडाले बसली. नवीन पोरगी, नाशिककडची. पोट्टे तिच्यासमोर तोंडच उघडत नाहीत! अमरावतीच्या ट्रेनिंगमधे सांगतलं म्हणे — लिहा-वाचाच्या आधी लेकराले बोलू द्या, त्याच्या घरच्या बोलीत. "आजी, तुमची बोली मलाच कळत नाही!" मी म्हटलं, "मंग आधी तुलेच अंगणवाडीत घालते." हसली एकदाची.

पन खरी धास्ती आरतीची. शेजारच्या इंदूबाईची नात. साडेचार वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम तपासाले येनार. तवापर्यंत बोलली नाही तं कागदावर 'मंदबुद्धी' लागन. इंदूबाई म्हणते, "तिचा बापही उशिराच बोलला."

१२ सप्टेंबर, शुक्रवार
गेली बाप्पा मी अंगणवाडीत गोष्ट सांगाले! कोल्हा, काकडी अन् माहा मेलेला नवरा — तिघंही एकाच गोष्टीत. नत्थुजी असते तं म्हणाले असते, "मले कोल्ह्याच्या शेपटीले काहून बांधलं वं?" पोट्टे लोळून लोळून हसले. आरती सरकत सरकत एकदम समोर. डोळे माह्या ओठाले चिकटलेले. एवढं कौतुक तं माह्या तोंडाचं लग्नातही कोनी केलं नव्हतं! म्हटलं, "नाव काय वं तुहं, नखरेवाली?" नुसती हसली.

१७ सप्टेंबर, बुधवार
दुपारी डोळा लागला. सपनात वावरात फुलं नाहीत, अक्षरं लागलेले. पिवळे अ, केशरी क. वाऱ्यानं हलून राहिले. नत्थुजी टोपली भरून तोडून राहिले, देठासगट. मी म्हटलं, अहो, कळ्या तं राहू द्या! जागी झाली तं हाताले झेंडूचा वास.

२० सप्टेंबर, शनिवार
भुलाबाईचा महिना. सांजीले पोरी गानी म्हणतात, मंग झाकलेला डब्बा वाजवून खाऊ ओळखतात. मले सुचलं — हेच अंगणवाडीत काहून नाही? रागिणीले म्हटलं, "तू नको प्रश्न विचारू. त्यायलेच विचारू दे."

डब्बा खळखळ वाजवला. "गोड का खारा?" "दातानं फोडाचा का?" मुके पोट्टे असे तुटून पडले का रागिणीनं कानावर हात ठेवले! फुटाने निघाले. मंग ज्यानं त्यानं खडूनं फरशीवर काढले. शेखरनं गोल काढला, खाली तीन रेघा. "हे लिवलं मी. फुटाने!" रागिणी 'चूक' म्हणाली नाही. पोरगी शिकून राहिली! आरतीनंही काढले, झाकन उघडल्यावर. सगळ्यायत सुबक.

२९ सप्टेंबर, सोमवार
दसऱ्याची तोड. बोटं पिवळे. वहीच्या पानाले डाग पडला तं पडला!

४ ऑक्टोबर, शनिवार
रागिणी म्हणे, "आजी, सगळे बोलले. एक आरती नाही. मीच कमी पडले. मॅडम यायच्या आधी राजीनामा देते."

"दे ना," मी म्हटलं. "पन सोमवारचा खाऊ खाऊन दे. लाडू करते."

घरी येऊन मी उगाच आभाळाकडे पाहत बसली. पांढरे ढग, कापसासारखे, कुठी जाऊन राहिले कोन जाने. आरती हट्टी हाये. मी महाहट्टी.

६ ऑक्टोबर, सोमवार
आज मी मजाक म्हणून पोट्ट्यायच्या मागून गेली अन् डब्बा वाजवला. सगळे गर्रकन वळले. आरती नाही. जवळ गेली, तिच्या कानापाशी वाजवला — जोरानं! ती आपली फरशीवर लाडू काढत राहिली. रागिणीच्या हातचा खडू पडला.

महिनाभर मी तिले नखरेवाली म्हणत होती.

उद्या मॅडम आल्या तं बसतीन वाट पाहत. सकाळच्या गाडीनं आमी अकोल्याले चाललो — रागिणी, इंदूबाई, आरती अन् मी. कानाच्या डॉक्टरकडे.