आढ्यावरचा पेंढ्याचा माणूस

स्कोगली, २९ मे

प्रिय ओडवार,

तुझं कार्ड मिळालं. तू, आसलाउग आणि मुलं खुशाल असाल. इथे बर्चच्या झाडांना पालवी फुटली आहे, नदीला डोंगरावरच्या बर्फाचं पाणी आलं आहे, माझं ठीक चाललं आहे. झाली रीत. आता भांडते.

'लापशी एकटीनेच संपवलीस का? आढ्यावरचा पाहुणा कसा आहे?' असं लिहून खाली तू हसणारं तोंड काढलं आहेस. पन्नाशी उलटलेला भाऊ तू माझा! पाहुणा मजेत आहे. माझाच जुना रेनकोट घालून रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. दुधाचा टँकर त्याला बघून रोज हॉर्न वाजवतो. आढं चढलं की मालकाने मदतीला आलेल्यांना जेवू घालायचं, आणि नाही घातलं तर त्यांनी कंजुषाच्या छपरावर पेंढ्याचा माणूस उभा करायचा, हे मला तू शिकवायला नको. मीही याच खोऱ्यात वाढले. काल दुकानात शेजारच्या हाल्वोरच्या बायकोने सगळ्यांदेखत विचारलं, "सिग्ने, साय फार महाग झाली का गं?"

जेवण तयार होतं, ओडवार. सायीची लापशी, खारवलेलं मटण, सगळं. मी पातेलं घेऊन पायरीवर आले होते. तुमचं काम पाहिलं, पातेल्यासकट आत गेले आणि कडी लावली.

मी तुला माझ्या सुतारकामाच्या खोलीचे फक्त वासे चढवायला बोलावलं होतं. वासे एकटीला चढत नाहीत, म्हणून. भिंती माझ्या होत्या. तू पोटासाठी सुतार, मी हौसेची, कबूल. पण ईस्टरपासून रोज वाचनालयातल्या नोकरीवरून आल्यावर मी त्या उभ्या केल्या. एका टोकाला माझं लाकूड कातायचं लेथ आणि काम करायचं टेबल, दुसऱ्या टोकाला फळ्या, सरपण आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या खुर्च्या. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मुळापासून माझ्या मनासारखं बांधत होते.

स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येत होतं. हाल्वोर ओरडला, "अरे, ही खिडकी काय कोंबड्यांसाठी ठेवलीय का?" आणि तू म्हणालास, "आमच्या बाईसाहेब पुस्तकं वाचून सुतार झाल्यात!" तुझे शहरातले मित्र खो खो हसले. लापशी ढवळता ढवळता मीही हसले. मग करवतीचा आवाज आला. मला वाटलं, वासेच कापताय.

बाहेर येऊन पाहते तर खिडकी माझ्या छातीपर्यंत वर गेलेली. "इथून काय बैल न्यायचेत?" म्हणत तुम्ही दार निम्म्याने बुजवलेलं. खाली ओकचा गुळगुळीत रंधलेला उंबरा ठोकलेला. टेबलाच्या पायांना ठोकळे लावून तेही उंच केलेलं. आणि तू हात पुसत म्हणतोस, "तुझ्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या बघ. फुकटात! आता आण ती लापशी."

चुका! विचारायचं होतंस रे. हाल्वोरच्या डुकरांच्या गोठ्यात असली बुटकी खिडकी दिसली असती, तर म्हणाला असतास, त्याचं काहीतरी कारण असेल. माझ्या भिंतीत दिसली की ती चूक. मला काही समजून उमजून करता येतं, हे तुझ्या डोक्यातच येत नाही. लहानपणी माझ्या हातातली हातोडी काढून घ्यायचास, तस्साच आहेस अजून.

आणि माझ्या हातातली ती बर्फावरची, स्कीची काठी. "मे महिना उजाडला, आमची सिग्ने अजून बर्फातच आहे!" आढ्यावर बसून हेही ओरडलास. तोंडाने मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. त्या काठीशिवाय मला आता अंगण ओलांडता येत नाही.

नाताळानंतर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आधी पाय जातील. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या, नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण चाकाची खुर्ची येणार हे नक्की. हात मात्र बराच काळ साथ देतील म्हणाल्या. हात राहणार एवढं ऐकलं आणि परतीच्या बसमध्येच मी ही खोली मनात बांधायला घेतली. एप्रिलच्या चिखलात स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून, तिच्यावर बसून मी मापं घेतली. दार किती रुंद, टेबल किती खाली, बसल्या बसल्या कुठल्या फळीपर्यंत हात पोचतो. आणि खिडकी एवढी खाली, की मान वर न करता नदी दिसावी. त्या तू दुरुस्त केलेल्या चुका.

आसलाउग म्हणेल, बिचारी आजारावर चिडली आहे. तिला सांग, आजारावरचा राग वेगळा आहे आणि तो मी माझ्यापुरता ठेवला आहे. हा फक्त तुझ्यावरचा आहे, तुझ्या नावाचा.

रडत फोन करू नकोस. येत्या शनिवारी ये, त्याच सगळ्यांना घेऊन ये. उंबरा उखड, दार मोकळं कर, टेबल आणि खिडकी खाली आण. कुणी विचारलंच तर मालकिणीची मर्जी म्हणून सांग. जास्त काही बोलायचं नाही. खिडकी ठोकण्याआधी स्वयंपाकघरातली माझी तीच खुर्ची आत ने आणि तिच्यावर बस. तू बस, दुसऱ्या कुणाला बसवू नकोस. बसल्या जागेवरून नदी दिसली, तरच खिळा मार.

लापशी पुन्हा करीन. आढ्यावरच्याला जेवणं झाल्यावर उतरव आणि माझा रेनकोट झटकून मला परत दे. पावसात अंगणापलीकडे जायला मला तो अजून लागतो.

अजून उभी असलेली,
सिग्ने