बसवून घेतलेलं माप

आई, डॉक्टरांनी तुला खाटेवर उठवून बसवलं, डायलिसिसची नळी मानेपासून छातीपर्यंत तुझ्या अंगावर धरली न् पेनानं खूण केली, त्या घटकेला माझं सगळं आयुष्य फिरलं. कळलं मात्र तू गेल्यावर, तेही इतक्या वर्षांनी.

त्याआधी मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. नळी आत कुठं चाललीय ते घालतानाच एक्स-रेच्या पडद्यावर दाखवणारी मशीन त्यांच्याकडं नव्हती. "मग काय अंदाजपंचे घालणार, माझ्या आईच्या काळजात?" मी सहीचा कागद भिरकावला. तुझे पाय सुजलेले, बोलताना दम लागतोय, दुसरीकडं खाट मिळेपर्यंत थांबायला वेळ नाही, सगळं दिसत होतं. तरी मी सही करीना.

आणि तू, स्वयंपाकघरातल्या मशीनवर जन्मभर बायांची ब्लाऊजं शिवलेली, तू त्यांनाच विचारतेस, "आवो डॉक्टर, बसवून का घेतलं माप?"

"निजवून घेतलं की फसतं, काकू. माणूस उठला की अंग खाली येतं, नळी वर सरकते."

तू दम खात हसतेस. "हेच मी पोरींना शिकवते. आरं, ह्यांना मापातलं कळतं. कर सही."

मग डॉक्टर मला सांगत बसले. सोनोग्राफीत शीर बघूनच सुई घालायची, सुईतून तार, तारेवरून नळी. तार हृदयाला टेकली की ठोक्यांच्या मॉनिटरवर रेघ उड्या मारते, लगेच मागं घ्यायची. शेवटी साधा एक्स-रे, तो बघितल्याशिवाय डायलिसिस चालू नाही. "आणि अडलं तर जोर लावायचा नाही. थांबायचं."

"ऐकलंस का रं? हे तुला बी लागू हाय," तू म्हणालीस. नर्स फिसकन हसली. मी सही केली न् दार आपटून बाहेर पडलो.

तुला सगळं ठाऊक होतं. कॉलेजातल्या त्या पोरीपायी केलेली मारामारी, अर्ध्यात सोडलेलं शिक्षण, ती फोन उचलेना तरी मी मागं लागलेलो. तू आत टेबलावर होतीस, आणि मी गाडी काढून बिडकीनला, तिच्या दारात. आधी कडी वाजवली, मग लाथ घातली. आतून तीच बोलली, "जा इथनं. मला तुझी भीती वाटते."

परत आलो तर नळी नीट बसलेली, डायलिसिस चालू. एक्स-रे तू उशाशी ठेवलेला. "बघ, खुणेच्या जागीच टोक आलंय." मी बघितला नाही. कुठं होतास, तू विचारलंस. क्रांती चौकात, औषध आणायला, म्हणालो. हात रिकामे. नर्स माझ्याकडं बघायला लागली तशी तूच तिला म्हणालीस, "दुकान बंद असंल."

त्या नळीनं तुला पुढं बरेच महिने दिले. मी ते घरात फुगून बसून घालवले, तुझ्याशी धड बोललो नाही.

आज तो एक्स-रे खिडकीत धरला. खरंच, नळी सरळ शिवणीसारखी उतरलीय. हे पत्र कुठं टाकणार, तुझ्या मशीनच्या खणात ठेवतो, रिळांच्या खाली. त्या दिवशी दुकान उघडंच असणार, आई. मी तिकडं गेलोच नव्हतो.

कामाला उशीर होतोय. बाहेर पडतो, कडी हातात धरून दार हळू ओढून घेतो.