सुमनताई, समुद्र पोहून आले

प्रिय सुमनताई,

काल कोकणातून परत आले आणि आज सकाळपासून माझं डोकं फिरलं आहे. समुद्रातली शर्यत पोहून आल्याचा आनंद बाजूलाच राहिला. आपल्या काकाजींनी, म्हणजे आपल्या दोघींच्या चुलतसासऱ्यांनी, माझा मेडल घातलेला फोटो स्टेटसला ठेवला आहे. खाली लिहिलं आहे, ‘आमच्या सुमनचं स्वप्न पूर्ण.’

तुमचं स्वप्न! काकाजींना केव्हा कळलं ते?

घरात बोलले तर भांडण होईल, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुमच्याशीही मला भांडायचंच आहे म्हणा.

मी पातूरची, गुडघाभर पाण्याला भिणारी. तुम्ही अंजनगाव सुर्जीच्या, लहानपणी भावांच्या बरोबरीनं शेतातल्या विहिरीत उड्या मारणाऱ्या. लग्न होऊन अकोल्यात आलात आणि तुमचं पोहणं सुटलं. मग पोहण्याच्या टँकवर बायांची बॅच सुरू झाल्याचं कळलं आणि तुम्ही भाजी निवडता निवडता उठलात. “चाल वं वैशाली, आपण पोहाले जाऊन राहिलो.” मला विचारलंत का? सांगून मोकळ्या!

वर तुम्हाला समुद्र सुचला. “पाहाचा तर पाण्यातूनच पाहू,” म्हणालात. अकोल्यात बसून समुद्राची तयारी! सगळ्या बाया हसल्या. पण समुद्रात भिंत नसते, म्हणून तुम्ही मला भिंतीला हात लावू देत नव्हतात. टोक आलं की पाण्यातच वळायचं. “लावला हात! म्या पाह्यलं! फिर मागं!” समुद्रात तळाला दिशा दाखवणारा पट्टा नसतो, म्हणून मधे मधे मान वर काढून बाहेरच्या कडुनिंबाचा शेंडा हेरायचा. त्यातच मुद्दाम माझ्या अंगावर येऊन लाथा मारायच्या. मी ओरडले की म्हणायचं, “तिथं काय लोकं रांगेनं पोहतीन?”

एवढं सगळं सांगितलंत. मग गोळ्या बंद केल्याचं काहून नाही सांगितलं, ताई?

बीपीच्या गोळ्या परस्पर सोडून दिल्या होत्यात. ‘पोहून उतरते ना बीपी,’ असं तुम्ही दादांना, तुमच्या नवऱ्याला, म्हणाला होतात म्हणे. मला हे दवाखान्यात कळलं, तुम्ही आत बेशुद्ध असताना. रोज माझ्याशेजारी केस पुसत जगभरच्या गोष्टी करत होतात. तेवढी एकच गोष्ट राहिली? मी रागावले असते म्हणून? रागावलेच असते! आज तुम्ही इथे तर असता.

आणि तुमची तेरवी. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पंगत बसली होती. काकाजी जेवता जेवता म्हणाले, “थंड्या पाण्यात डुबून डुबून डोक्याची शीर फुटली. या वयात बायाईले कायले पाह्यजे पोहणं?” सगळ्यांनी माना हलवल्या. दादा खाली बघत म्हणाले, “आता या घरातलं कोणी टँकवर जाणार नाई.” ते कोणाला म्हणाले, हे सगळ्यांना कळलं.

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी म्हटलं, “काकाजी, ताई टँकात नाई गेल्या. ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता पडल्या. मंग उद्यापासून ओटा बंद करू का?”

हे उठून माझ्या हातातलं भांडं घ्यायला आले. मी दिलं नाही. “तुमी दवाखान्यात होते ना? डॉक्टरनं काय सांगतलं, ते सांगा सगळ्याईले.” तुमचे दीर, तुम्हाला माहीत आहेत. भावापुढे कधी तोंड न उघडणारे! पण त्या दिवशी बोलले. हळू आवाजात का होईना, सांगितलं की बीपी वाढून झालं, पाण्याचा काही संबंध नाही.

मी टँकवर जात राहिले. दादांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मग एका संध्याकाळी मी बाहेर आले, तर फाटकाशी दादा उभे.

“वैशाली, सुमनले खरंच चांगलं पोहता ये का?”

माझ्या अंगाची आग झाली. घरापासून टँक किती लांब? चालत जाण्याइतका! इतके दिवस तुम्ही ओले केस घेऊन घरात शिरत होतात आणि हा माणूस चहा मागत होता. “एक दिवस येऊन पाहून घ्याचं होतं,” मी म्हटलं. ते तिथेच रडायला लागले. मला दया आली नाही, ताई. खोटं कशाला सांगू?

आणि समुद्र! तो आपल्या टँकसारखा मुळीच नाही. पहिल्याच लाटेला खारं पाणी घशात गेलं आणि उलटी झाली. मान वर काढावी तर समोर नुसतं पाणी. कोणाची तरी लाथ बरगडीत बसली. बचावाची होडी जवळ आली. “मॅडम, वर येता का?” मी हात पुढे केलाच होता, आणि मला तुमचा इतका राग आला! माझ्या डाव्या अंगाला तुम्ही असायला हव्या होतात. हे तुमचं खूळ होतं, माझं नाही! त्या रागातच हात मारत सुटले. खूप मागे राहिले, पण पोचले. वाळूत बसून मोठमोठ्यानं रडले. अनोळखी बाया पाठीवरून हात फिरवत होत्या, त्यांना वाटलं मी दमले.

आज दुपारी दादा स्वयंपाकघरात आले. चहाचा कप हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “रविवारी सगळ्याईची बॅच असते म्हणे. मले शिकवशीन का पोहणं?”

मी हो म्हटलं नाही. चहा पिऊ दिला आणि तसंच जाऊ दिलं. पण तुम्हाला वचन देते, शिकवीन. माझा राग गेलेला नाही, तो घेऊनच शिकवीन. त्यांच्या नाकातोंडात पाणी जाईल, ते काठाला चिकटून बसतील, तरी सोडणार नाही. एक दिवस त्यांचे पाय सुटतील आणि अंग आपोआप तरंगेल. तुम्ही रोज घरातून कशासाठी पळत होतात, ते त्यांना तेव्हा कळू दे.

तुमची धाकटी जाऊ,
वैशाली
अकोला