नऊ वेळा वृद्धाश्रम

मंगळवार, संध्याकाळ. मानसरोवर.

शिसारी आलीय आज स्वतःच्याच कामाची. आमच्याच वसाहतीतल्या एका वृद्धाश्रमाच्या वेबसाइटसाठी पान लिहून दिलं. आमचे साहेब सक्सेनाजी सकाळीच म्हणाले होते, "मॅडमजी, एक पेज, एक कीवर्ड. सर्च में ऊपर आना चाहिए, बस." म्हणून 'मानसरोवर में सबसे अच्छा वृद्धाश्रम' हे नऊ वेळा कोंबलं. शीर्षकात, फोटोखाली, अगदी जेवणाच्या परिच्छेदातसुद्धा. तो आश्रम मी पाहिलेलाही नाही! फोटोतले आजी-आजोबासुद्धा विकतचे. छी.

घरी आल्यावर लॅपटॉप उघडाच ठेवून चहा टाकायला गेले. परत येते तर बाबा चष्मा लावून वाचतायत. बँकेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी समोर आलेली प्रत्येक ओळ बोट फिरवून तपासतात.

मान वर न करता म्हणाले, "कधी जायचंय मला?"

मी चहा टेबलावर ठेवला. "काहीतरीच काय, बाबा! ऑफिसचं काम आहे ते."

"असं होय. बरं, बरं." मग मला धीर दिल्यासारखं म्हणाले, "पण जागा चांगलीच असणार गं. नऊ वेळा लिहिलंयस तू."